कडी आतून, मी बाहेर

मित्रांनो, मी एक जुनी शेल स्क्रिप्ट आहे. तुम्ही मला कधी पाहिलेले नाही आणि पाहूही शकणार नाही, कारण मला ना चाके, ना पाय, ना शिंग, ना शेपूट, ना तोंड, ना आवाज. एखादी जुनी छत्री किंवा जुने घड्याळ आपली कहाणी सांगू लागले की निदान कुठे मोडले, कुठे गंज चढला ते तरी त्याला दाखवता येते. मी म्हणजे नुसत्या ओळी. संगणकाला आज्ञा देण्याची एक जागा असते, तिला शेल म्हणतात. तिथे माणसाने आज्ञा लिहायची आणि संगणकाने ती निमूटपणे पाळायची. रोज त्याच त्या आज्ञा लिहून माणसाची बोटे कंटाळली, की तो त्या सगळ्या एका फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवतो आणि म्हणतो, घे, आता तूच कर. ती फाइल म्हणजे मी. थोडक्यात, माझा जन्म आळसातून झाला. पण तो आळस हुशार माणसाचा होता, हे मी आवर्जून सांगते.

माझे घर म्हणजे बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी इथे पुस्तके मोठ्याने वाचून त्यांचे ध्वनिमुद्रण करतात. इमारतीच्या तळमजल्यावर चष्म्यांचे दुकान आहे. हा योगायोग आमच्या साहेबांना अजिबात विनोदी वाटत नाही. पहिल्या मजल्यावर साहेबांची केबिन, तिच्या शेजारी मुद्रणाची खोली आणि तिला लागून यंत्रांची खोली. मुद्रणाच्या खोलीच्या भिंतींना जाड करडा स्पंज चिकटवलेला आहे, म्हणजे बाहेरचा आवाज आत येत नाही. फक्त यंत्रांच्या खोलीकडच्या भिंतीला तो नाही, कारण तिथपर्यंत येता येता स्पंज संपला. नवा मागवू, असे तेव्हा ठरले होते. ही भिंत लक्षात ठेवा, तिचे पुढे काम आहे.

मला लिहिले साहेबांच्या भाचीने. ती दुसऱ्या एका मोठ्या कचेरीत संगणकाचेच काम करते. एकदा ती मामाला सहज भेटायला आली आणि मामाने चहा पुढे करून तिला गळ घातली.

"अगं, तेवढं जरा बघ ना. आमचं कुठलं यंत्र बंद पडलंय ते आम्हाला वाचकांचे फोन आल्यावर कळतं."

"मामा, मी चहा प्यायला आलेय."

"मग पी की. पिता पिता बघ."

दुसरा कप संपेपर्यंत मी जन्मले होते. घाई असल्यामुळे माझे अर्धे अंग तिने आपल्या कचेरीतल्या दुसऱ्या एका स्क्रिप्टवरून उचलले. म्हणून माझ्या पोटात अजूनही एका कारखान्याच्या भट्टीचे तापमान विचारणारी ओळ आहे. आमच्याकडे भट्टी नाही, तेव्हा ती ओळ कधी चालत नाही. पण एखादा लांबचा पाहुणा घरात राहून जावा तशी ती राहून गेली आहे आणि मला तिची सवय झाली आहे. भाचीने माझे नाव ठेवले 'सांभाळ'. आणि माझ्या अगदी कपाळावर तिने लिहिले: 'हे तात्पुरते आहे. नंतर नीट करायचे.' आमच्यात ज्या ओळीच्या सुरुवातीला जाळीची खूण असते ती ओळ संगणक वाचत नाही. ती फक्त माणसांसाठी असते, आणि माणसेही ती वाचत नाहीत. त्यामुळे मी गेली कित्येक वर्षे तात्पुरतीच आहे.

माझे काम काय, तर नावाप्रमाणे सांभाळणे. माझ्या हाताखाली तीन पहारेकरी आहेत. पहिला टकटक्या. तो इमारतीतल्या प्रत्येक यंत्राच्या दारावर जाऊन "आहेस का?" असे विचारतो आणि "आहे" असे उत्तर आले की पुढच्या दाराकडे वळतो. दुसरा नाडीवाला. तो मोठ्या डिस्कची नाडी धरून बसतो. ती किती भरली, किती तापली, कुठे कुरकुरते आहे याची त्याला खडान्‌खडा माहिती. तिसरा घंटावाला. या दोघांपैकी कोणी ओरडले की हा यंत्रांच्या खोलीतल्या स्पीकरवर घंटा वाजवतो. तिघेही मनाने चांगले, पण झोपाळू. म्हणून क्रॉन नावाचे एक वक्तशीर गृहस्थ मला थोड्या थोड्या वेळाने हलवून उठवतात, मग मी जाऊन तिघांना पाहते आणि जो पडला असेल त्याला उभा करते. कधी एखादा नुसताच भरकटला असेल तर त्याला आधी संपवावे लागते. त्या आज्ञेचे नाव मी सांगत नाही, उगाच पोलीस यायचे. पुढच्याच क्षणाला तो ताजातवाना होऊन कामावर असतो आणि माझ्याबद्दल त्याच्या मनात काही राग नसतो.

आणि संध्याकाळी सगळी माणसे घरी जायला निघाली की माझे खरे काम सुरू होते. दिवसभरात जे काही मुद्रित झाले ते सगळे पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या डिस्कवर असते. त्याची एक एक प्रत मी दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटातल्या लहान संगणकावर नेऊन ठेवते. यालाच बॅकअप म्हणतात. कपाटात त्या संगणकाच्या एका बाजूला झाडू आहेत आणि दुसऱ्या बाजूला बादल्या. जागा मानाची नाही, पण कोरडी आहे. सगळे नेऊन ठेवले की साहेबांच्या केबिनमधल्या पडद्यावर मी 'बॅकअप पूर्ण' असे लिहीत असे. तोवर साहेब जिना उतरलेले असत. सकाळी ते यायच्या आत तो मजकूर पुसलेला असे. असे वर्षानुवर्षे चालले. मला कोणी कधी शाबासकी दिली नाही, आणि खरे सांगायचे तर मला त्याचे थोडे वाईट वाटत असे.

आता बाईंबद्दल सांगायला हवे. बाई म्हणजे मुद्रणासाठी पुस्तके वाचणाऱ्या आमच्या सगळ्यात जुन्या वाचक. पूर्वी त्या शाळेत शिकवत, आणि साहेब त्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर होते. त्यामुळे सगळे ग्रंथालय साहेबांना "साहेब" म्हणते आणि बाई त्यांना "अरे" म्हणतात. बाईंचा आवाज असा, की त्या बागकामाचे पुस्तक वाचू लागल्या तरी पुढे काय झाले असेल याची उत्सुकता लागावी. पण स्वभाव कडक. वाचताना खुर्ची करकरली, तर अख्खा परिच्छेद पुन्हा. खिडकीवर चिमणी बोलली, तर चिमणी जाईपर्यंत मौन. मुद्रणाची कळ दाबायला काचेपलीकडे वायरकाका बसत. वायरकाका म्हणजे इमारतीतली प्रत्येक वायर जिथे जाते तिथे गेलेला माणूस. ते बाईंच्या समोर शिंक आली तरी गिळत.

अशा बाई एकदा एका राजपुत्राची गोष्ट वाचत होत्या. राजपुत्राने गुहेचे दार उघडले, आत मिट्ट काळोख, बाईंनी आवाज खाली आणला, आणि त्याच क्षणी बिनस्पंजाच्या भिंतीतून घंटा वाजली. प्रिंटरने टकटक्याला उत्तर दिले नव्हते, एवढेच. बाईंनी पुस्तक मिटले.

"अरे, ही कसली घंटा? शाळा सुटली का?"

साहेब धावत आले. त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला आणि वायरकाकांना सांगितले, "काढा ती वायर." वायरकाकांनी स्पीकरची वायर उपटून ठेवली. घंटावाल्याला हे कोणी कळवले नाही. तो बिचारा पुढेही इमानेइतबारे घंटा वाजवीत राहिला, फक्त ती कोणाला ऐकू येत नव्हती. मी त्याला पाहायला जाई तेव्हा तो जागा असे, काम करीत असे. मला त्यात काही वावगे दिसले नाही. माझे काम तो जागा आहे का ते पाहणे, त्याचे कोणी ऐकते आहे का हे पाहणे नव्हे.

मग एके दिवशी बाईंनी साहेबांना सांगितले की त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया करावी लागणार आहे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले होते, शस्त्रक्रियेनंतर आवाज असाच राहील याची खात्री नाही. बदलेल, कदाचित फार थोडा उरेल. साहेबांचा चेहरा पडला. बाई म्हणाल्या, "रडका चेहरा करू नकोस. ती समुद्राची गोष्ट आण. मुलांनी मागितलेली."

ती समुद्राची गोष्ट म्हणजे एक जाडजूड पुस्तक होते. धुक्यात वाट चुकलेली बोट, तिचा चिडका कप्तान आणि त्याला सतत सल्ले देणारा आचारी. ज्या मुलांना दिसत नाही त्यांच्या शाळेने हे पुस्तक कधीपासून मागितले होते, पण त्याचा आकार बघून सगळे वाचक काही ना काही निमित्त काढून सटकत. बाई रोज यायला लागल्या. गरम पाण्याची बाटली जवळ ठेवायची, घोट घ्यायचा आणि वाचायचे. चिमणी आली तर आता त्या मौन धरीत नसत. तिच्याकडे एकदा बघत, आणि चिमणीच जात असे. आपल्या चांगल्या आवाजातले हे शेवटचे पुस्तक आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि ते सगळ्यांना ठाऊक होते.

आणि नेमका त्या वाचनाच्या पहिल्याच दिवशी एक किटलीचा प्रकार घडला. यंत्रांच्या खोलीत एक बॅटरीचा डबा आहे. वीज गेली तरी यंत्रे थोडा वेळ चालावीत, म्हणून तो ठेवलेला. वायरकाकांना त्याच्या मागे एक रिकामे सॉकेट सापडले आणि त्यांनी तिथे चहाची किटली जोडली. त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. त्या संध्याकाळी मी मोठ्या डिस्ककडून दिवसाचे मुद्रण गोळा करायला नुकतीच बसले होते, वायरकाका जाण्यापूर्वी एक कप चहा ठेवत होते, आणि वीज गेली. डब्याने एकदा किटलीकडे पाहिले, एकदा आमच्याकडे पाहिले आणि डोळे मिटले. मी होते तिथल्या तिथे विरून गेले.

यात विरून जाण्याचे मला काही वाटत नाही. आमच्या जातीला त्याची सवय असते. वीज आली की क्रॉन पुन्हा उठवतात. पण इथे एक गोष्ट समजून घ्या. मी बॅकअपसाठी आत शिरते तेव्हा मागे कडी लावते. म्हणजे एक छोटीशी फाइल दाराशी ठेवते, तिचा अर्थ एवढाच की 'मी आत आहे'. नाहीतर क्रॉनच्या उत्साहात माझ्यासारखीच आणखी एक मी तिथे येईल, दोघी एकच सामान दोन्ही बाजूंनी ओढू, आणि सगळा विचका होईल. न्हाणीघराला आपण कडी लावतो ना, तसेच हे. काम संपवून बाहेर येताना मी कडी काढते. त्या दिवशी मी बाहेर आलेच नाही. मी विरले आणि कडी राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्रॉनने उठवले. मी दाराशी गेले. कडी लागलेली. अरे वा, म्हणजे आत मी आहे! मी आत आहे म्हटल्यावर दार ठोठावणे बरे नव्हे. म्हणून मी पडद्यावर लिहिले, 'बॅकअपचे काम चालू आहे', आणि अदबीने परत फिरले. त्यानंतरच्या दिवशी तेच. त्यानंतरही तेच. मी रोज येई, स्वतःला आत असलेली पाही, माझ्या कष्टाळूपणाचे मलाच कौतुक वाटे आणि मी निघून जाई. हा दोष माझा, कडीचा, की किटलीचा, यावर भाची आणि वायरकाकांचे अजून एकमत झालेले नाही.

गंमत पुढेच आहे. 'बॅकअप पूर्ण' हे वाक्य संध्याकाळी कोणी पाहत नसे. पण 'काम चालू आहे' हे वाक्य काम संपेपर्यंत पुसले जात नाही, त्यामुळे ते आता पडद्यावर दिवसभर झळकू लागले. साहेबांच्या ते डोळ्यांत भरले. सकाळी आले तरी काम चालू, जेवून आले तरी काम चालू, सुट्टीनंतर आले तरी चालूच. त्यांनी वायरकाकांना बोलावून पडदा दाखवला.

"बघा. शिका काहीतरी. हिला ना चहा लागतो, ना सुट्टी."

"खरंय साहेब," वायरकाका म्हणाले, आणि चहा ठेवायला गेले.

विश्वस्त मंडळी आली तेव्हा साहेबांनी त्यांनाही माझ्यासमोर उभे केले. एका विश्वस्तांनी पडद्याकडे पाहून मान डोलावली आणि "निष्ठा, निष्ठा," असे म्हटले. मित्रांनो, आयुष्यभर राबले तेव्हा मला कोणी विचारले नाही, आणि ज्या दिवसांत मी काडीचेही काम करीत नव्हते तेव्हा माझे गोडवे गायले गेले. ते ऐकून मी फुलून गेले, हे मी लपवत नाही. इकडे नाडीवाला घसा फोडून सांगत होता की मोठी डिस्क आजारी आहे, तिचे काही भाग वाचता येईनासे होत आहेत. घंटावाला जिवाच्या आकांताने घंटा वाजवीत होता. वायर टेबलावर तशीच पडून होती, तिच्यावर कोणी कप ठेवायचे.

बाईंनी शेवटचा अध्याय वाचून संपवला तो दिवस आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना इस्पितळात दाखल व्हायचे होते. दुपारी त्या साहेबांच्या केबिनमध्ये आल्या, पर्स मांडीवर ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, "माझी गोष्ट नीट ठेवलीये ना रे? दोन ठिकाणी ठेवता म्हणे तुम्ही."

"अगदी निर्धास्त राहा, बाई. हे बघा," साहेबांनी अभिमानाने पडद्याकडे हात केला, "काम चालू आहे."

बाईंनी चष्मा लावून पडदा वाचला.

"चालू आहे म्हणजे झालेलं नाही. तू शाळेत होतास तेव्हा तुझा निबंधही कायम चालूच असायचा. दाखव."

"बाई, मी आता इथला व्यवस्थापक आहे."

"मग व्यवस्थापकासारखं दाखव."

सगळी वरात दुसऱ्या मजल्यावर गेली. वायरकाकांनी कपाट उघडले, बादल्या बाजूला केल्या, लहान संगणकाला स्पीकर जोडला आणि त्यावरचे सगळ्यात ताजे मुद्रण लावले. बाईंचा आवाज आला: "गुलाबाची छाटणी करताना हात आखडता घेऊ नये."

"हे माझं मागचं पुस्तक आहे," बाई म्हणाल्या. "यात समुद्र कुठाय?"

समुद्र कुठेच नव्हता. वायरकाकांनी पुन्हा पाहिले. गुलाबानंतर काहीच नव्हते. साहेब बादलीच्या कडेवर बसले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि भाचीला लावला.

"मामा, पडद्यावर काय दिसतंय?"

"काम चालू आहे."

"कधीपासून?"

साहेबांनी आठवून पाहिले. "बाईंनी समुद्राची गोष्ट सुरू केली तेव्हापासून. फार मन लावून करतेय गं ती."

फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मामा," भाची म्हणाली, "कशालाही हात लावू नका. मी येतेय."

ती आली ती जिना धावत चढूनच. तोवर सगळे खाली यंत्रांच्या खोलीत येऊन थांबले होते. पिशवीही खांद्यावरून न उतरवता तिने मला उघडले, वरपासून खालपर्यंत वाचले, मग दाराशी पडलेली ती छोटी फाइल पाहिली. "आतून कडी लागलीये," ती म्हणाली, "आणि आत कोणीच नाहीये." मला तेव्हा पहिल्यांदा कळले की इतके दिवस जिचे मी कौतुक करीत होते ती आतली मी अस्तित्वातच नव्हते. हा धक्का पचवायला मला सवड मिळाली नाही, कारण भाचीने लगेच टेबलावर पडलेली स्पीकरची वायर उचलली.

"ही कोणी काढली?"

वायरकाकांनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी छताकडे पाहिले.

"मी," बाई म्हणाल्या. "माझ्या सांगण्यावरून काढली. लाव ती परत."

वायर लावताच इतक्या दिवसांची कोंडलेली घंटा अशी वाजली की खालच्या चष्म्यांच्या दुकानातला मालक अर्धवट तपासलेल्या गिऱ्हाइकासह वर धावत आला. भाचीने नाडीवाल्याचे म्हणणे वाचले आणि तिचा चेहरा उतरला. डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. बाईंची सगळी समुद्रयात्रा त्या एकाच डिस्कवर होती, आणि ती पुन्हा वाचायला बाईंकडे वेळ नव्हता. कदाचित आवाजही असणार नव्हता.

भाचीने कडी काढली आणि मला हाक मारली. मी आत शिरले. मित्रांनो, मी तशी साधी स्क्रिप्ट आहे, मला वेगाने धावता येत नाही. पण त्या संध्याकाळी मी जे काही माझ्यात होते ते सगळे लावले. डिस्क करकरत होती. मी तिच्याकडून एक अध्याय घ्यायची, वर कपाटात नेऊन ठेवायची, परत यायची. ती मधेच अडायची, मी थांबायची, पुन्हा मागायची, ती पुन्हा द्यायची. एकेक अध्याय वर पोचला की पडद्यावर त्याचे नाव उमटे आणि साहेब ते मोठ्याने वाचत. धुके वर गेले. आचाऱ्याचे भांडण वर गेले. फाटके शीड वर गेले. मग फक्त शेवटचा अध्याय उरला, आणि तो मला वाचता येईना. मी पुन्हा मागितला. भाचीने आपल्या हाताने मागून पाहिला. डिस्कने एकदा खरखर केली आणि ती थांबली ती कायमचीच. मला त्या वेळी फार वाईट वाटले. बोट बंदराला लागायची राहिली होती.

बाईंनी पर्स टेबलावर ठेवली.

"पुस्तक कुठाय?"

"बाई, डॉक्टरांनी आवाज जपायला सांगितलंय ना?" साहेब म्हणाले.

"जपून नेऊ कुठे? उद्या तिथे माझी गोष्ट कोण ऐकणार आहे, भूल देणारा?"

त्या मुद्रणाच्या खोलीत जाऊन बसल्या. दिवसभर बोलून त्यांचा आवाज आधीच खरखरीत झाला होता. भाचीने नवे मुद्रण थेट वरच्या संगणकावर जाईल अशी सोय केली. वायरकाका कळ दाबायला बसले, आणि घंटा वाजली. डिस्क बंद पडली होती, तेव्हा नाडीवाला ओरडणारच आणि घंटावाला वाजवणारच. वायरकाका वायरीकडे धावले.

"हात लावू नकोस," बाई काचेपलीकडून म्हणाल्या. "तिला गप्प केलं म्हणून ही वेळ आली. वाजू दे. वाजतेय म्हणजे कोणीतरी जागं आहे."

बाई वाचू लागल्या. धुके विरळ होत होते. समुद्र शांत होता. कप्तान बोटीच्या पुढच्या टोकाला उभा राहून कानोसा घेत होता आणि पुस्तकात लिहिले होते की चहूकडे नीरव शांतता पसरली होती. तेवढ्यात घंटा. साहेबांनी डोळे गच्च मिटले. ज्या बाई खुर्ची करकरली तर परिच्छेद पुन्हा घेत, त्या क्षणभर थांबल्या आणि पुस्तकातून डोळे न काढता पुढे म्हणाल्या, "आणि त्या शांततेत कुठेतरी एक घंटा वाजली. कप्तानाने कान टवकारले."

पुढे आचारी कप्तानाची क्षमा मागत होता, तेव्हा पुन्हा घंटा. "'ही तीच घंटा,' आचारी म्हणाला. 'मी म्हणत नव्हतो?'" बाईंनी वाचले. पुस्तकात असे काहीही नव्हते. वायरकाका तोंडावर दोन्ही हात दाबून हसू आवरत होते. बोट बंदराच्या अगदी तोंडाशी आली तेव्हा घंटा तिसऱ्यांदा वाजली. बाईंनी मान वर केली, काचेतून वायरकाकांकडे रोखून पाहिले आणि अत्यंत गंभीर आवाजात म्हणाल्या, "ही घंटा कोण वाजवतंय ते कप्तानाला पक्कं ठाऊक होतं, आणि बंदरावर उतरल्यावर तो त्याच्याकडे बघून घेणार होता."

मग बोट बंदराला लागली. बाईंनी पुस्तक मिटले. त्यांचा आवाज शेवटच्या वाक्याला जेमतेम पुरला. भाची त्या वेळी भिंतीकडे तोंड करून उभी होती, तिला डोळे पुसायचे होते.

त्यानंतर नवी डिस्क आली. किटलीला तिचे स्वतःचे सॉकेट मिळाले. उरलेल्या भिंतीला स्पंज लागला, आणि घंटेची वायर भाचीने अशी बांधली की ती काढायला हत्यार लागेल. माझ्यातही तिने दोन ओळी घातल्या. आता कडी लागलेली दिसली की मी मुकाट्याने परत फिरत नाही, आत जी कोणी असेल तिला आधी हाक मारते, "आहेस का गं?" उत्तर आले नाही तर कडी काढून आत जाते. 'काम चालू आहे' हे वाक्य तिने पार काढून टाकले. त्याऐवजी मी वरच्या कपाटातले कुठलेही एक मुद्रण खाली आणून साहेबांच्या केबिनमध्ये वाजवून दाखवते. त्यामुळे कधी कधी विश्वस्तांची गंभीर चर्चा चालू असताना गुलाबाच्या छाटणीबद्दल सूचना येतात, आणि साहेब त्या कोणाला बंद करू देत नाहीत. जाता जाता भाचीने माझ्या कपाळावरची ती ओळही बदलली. 'हे तात्पुरते आहे' हे पुसून तिने लिहिले, 'ही आमची आहे.' पुढचे 'नंतर नीट करायचे' मात्र तसेच ठेवले.

समुद्राची गोष्ट शाळेत गेली. तिथल्या मुलांनी शेवटचा अध्याय पुन्हा पुन्हा लावला. मग शाळेतून साहेबांना फोन आला की मुलांचे दोन तट पडले आहेत, आणि कप्तानाने बंदरावर उतरल्यावर त्या घंटावाल्याचे नेमके काय केले हे ग्रंथालयाने ताबडतोब सांगावे. साहेबांनी सांगितले, बाईंना विचारून कळवतो.

बाई आल्या त्या गळ्याला रुमाल बांधून. डॉक्टर म्हणाले होते तेच झाले होते. तो भरदार आवाज गेला होता. उरले होते ते बारीक, घोगरे कुजबुजणे. साहेब रडवेले होऊन उठून उभे राहिले. बाई त्यांच्या टेबलाजवळ गेल्या आणि कुजबुजल्या, "रडका चेहरा करू नकोस म्हटलं होतं ना? भुताखेतांची पुस्तकं काढ. त्यांना हाच आवाज शोभतो." मग त्यांनी पडद्याकडे बोट केले आणि कुजबुजल्या, "दाखव." मी शेवटचा अध्याय खाली आणला. बाईंनी आपला जुना आवाज डोळे मिटून ऐकला, घंटांसकट.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणी ना कोणी असेल, यंत्र असेल नाहीतर माणूस. ते मुकाट्याने सांभाळत असते, आणि सगळे ठीक चालले आहे असे आपण दुरून पाहून ठरवतो. त्याचे कौतुक नाही केलेत तरी चालेल. पण मधून मधून दारावर थाप मारून विचारत जा, आहेस का? उत्तर येईपर्यंत थांबत जा. आणि ज्याला घंटा वाजवायची असेल त्याची वायर काढू नका.

माझे म्हणाल तर मी खूश आहे. मला तोंड नाही, आवाज नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितले. पण आता ते तितकेसे खरे राहिलेले नाही. त्या पुस्तकाच्या शेवटी बाईंच्या आवाजाशेजारी तीनदा जी घंटा वाजते ती माझ्या पहारेकऱ्यांची आहे, म्हणजे माझीच. रोज संध्याकाळी सगळे घरी जायला निघाले की मी तो अध्याय वरच्या कपाटात झाडू आणि बादल्यांच्या मध्ये जागेवर आहे ना ते पाहून येते. त्यात आमच्या दोघींचे आवाज आहेत. ते दोन ठिकाणी असलेले बरे.